कोपऱ्यातली रोपं

धाकट्या जावेची सून सकाळी सकाळी दारात उभी राहिली, तेव्हा थोरलीच्या हातात अजून चहाचा पहिला कप होता. सुनेच्या हातात कागद. त्यावर तिनं प्रश्न लिहून आणले होते, परीक्षेला बसल्यासारखे.

"मोठ्या आई, गच्चीत टोमॅटो लावायचेत. दोन चांगले मोठे टब आणलेत. त्यांच्याबरोबर काय काय लावू ते सांगा. बेसिल तर लावतातच म्हणे. पुदिना चालेल?"

"पुदिना वेगळ्या कुंडीत. टबात घेतलास तर महिन्याभरात तो घरमालक आणि टोमॅटो भाडेकरू."

सून हसली आणि उभ्याउभ्याच कागदावर लिहून घेऊ लागली. थोरलीनं तिला बसवलं. दोन टोमॅटोंच्या मधे एक बेसिल, हातभर अंतर सोडून. कडेनं पार्सली. कोपऱ्यात शेपूचा एखादा झुबका, पण फुलावर यायच्या आत कापायचा, म्हातारा झाला की तोच टोमॅटोला छळतो. बेसिलचे शेंडे खुडत राहायचं, एखादं रोप मात्र फुलू द्यायचं, मधमाश्यांना आमंत्रण म्हणून. थोरली सांगत गेली. हे सगळं तिच्या तोंडात इतकं बसलेलं होतं की सांगताना चहाचे घोटही थांबत नव्हते.

"आणि बडीशेप?" सुनेनं कागद बघून विचारलं. "आमच्याकडे लागते म्हणून म्हटलं."

थोरली जरा थांबली. "बडीशेप नाही. ती कुणाशीच नांदत नाही. तिला लांब, एकटीलाच ठेवायचं."

सुनेनं तेही लिहिलं. मग कागदाची घडी घालत म्हणाली, "खरं तर मी आधी आईंनाच विचारलं होतं. म्हटलं, तुम्ही लग्न होऊन आल्यावर बागेतच काम करायचात ना? तर म्हणाल्या, मला त्यातलं काही विचारू नकोस, माझ्या हातात रोग आहे. माझ्या हातचं रोप जगत नाही. थोरल्या बाईंकडे जा."

"हसत म्हणाली असेल."

"तेच तर. बाबा होते तेव्हा ते म्हणायचे, हिला कुंडीपासून लांब ठेवा, आणि आम्ही सगळे हसायचो. पण काल त्या हसल्या नाहीत. मी मातीची पोती आणली तर उठून आतल्या खोलीत गेल्या. माती संपूर्ण भरून होईपर्यंत बाहेर आल्या नाहीत, मोठ्या आई."

थोरलीनं कप खाली ठेवला. "मी येते दुपारी," ती म्हणाली. "लावून देते तुला."

सून आनंदानं गेली. थोरली मात्र तशीच बसून राहिली. चहावर साय धरली.

*

तीस वर्षांपूर्वी त्या घराच्या मागं आठ वाफे होते आणि वाफ्यांच्या टोकाला काचेच्या छपराची एक खोली. घर सासूबाईंचं, बाग सासूबाईंची आणि कामाची वाटणीही त्यांनीच करून दिलेली. बी पेरायचं, रोपं वाढवायची ते धाकटीनं, काचेखाली. रोप बोटभर उंच होऊन चार पानांचं झालं की ते थोरलीच्या हवाली. लावणं, पाणी, काठ्या, सुतळी, तोडणी सगळं तिचं. दोघी जावा एकमेकींच्या कामात पाय घालत नसत. त्यामुळेच की काय, दोघींचं छान जमायचं. दुपारी काचेच्या खोलीच्या पायरीवर बसून दोघी एकाच ताटलीत खायच्या आणि नवऱ्यांच्या नकला करायच्या. धाकटी नकला फार हुबेहूब करायची. थोरले भाऊ शिंकायच्या आधी कसे आढ्याकडे बघतात, ते ती करून दाखवायची, आणि थोरलीला हसून हसून ठसका लागायचा.

सासूबाईंची पद्धत होती की टोमॅटोला एकटं लावायचं नाही. "माणसाला सोबत लागते तशी त्याला लागते," त्या म्हणायच्या. म्हणून प्रत्येक वाफ्यात टोमॅटोंच्या मधे बेसिल, कडेला पार्सली आणि चारही कोपऱ्यांत शेपू. बडीशेप मात्र पाण्याच्या टाकीमागं, कुंपणाला लागून. सासूबाई तिला 'भांडखोर आत्या' म्हणत. आल्यागेल्याला बोलावेल, पण शेजारी कुणाला राहू देणार नाही.

आणि थोरलीचं नाक. त्या गल्लीत दुसरं काही प्रसिद्ध नव्हतं, थोरलीचं नाक मात्र होतं. टोमॅटो कालचा की आजचा हे ती देठ हुंगून सांगायची. दूध नासायच्या आधी अर्धा तास तिला कळायचं. कोणत्या वाफ्यात कीड लागलीय हे तिला दारातून कळतं, असं दीर बाहेर सांगत सुटायचा. त्यात थोडी भर त्याची होती, पण थोडीच. "वहिनी, जरा नाक द्या इकडे," असं म्हणून तो खरबूज पुढं करायचा आणि ती डोळे मिटून सांगायची, "परवा कापा."

सहा बहिणींत ती चौथी. माहेरी तिला कुणी नावानंसुद्धा पटकन हाक मारत नसे, आधी तिघींची नावं घेऊन मग तिच्यावर यायचे. दिसायला चारचौघींसारखी, शिक्षण बेताचं. या घरात आली आणि पहिल्याच महिन्यात सासूबाईंनी सगळ्यांसमोर म्हटलं, "हिच्यासारखं नाक मी जन्मात पाहिलं नाही." त्या दिवसापासून ती त्या घरात कुणीतरी होती.

त्या हिवाळ्यात ती तापानं तीन आठवडे अंथरुणाला खिळली. उठली, हिंडूफिरू लागली, आणि एका सकाळी तिच्या पाठीशी, हातभर अंतरावर, दूध उतू जाऊन करपलं. धाकटी बाहेरून धावत आली. "अहो ताई! अख्खं घर भरलं करपट वासानं! तुम्ही इथंच उभ्या?"

"लक्ष नव्हतं गं," थोरली म्हणाली.

लक्ष होतं. वास नव्हता. तिनं बेसिलचं पान चुरडून नाकाशी धरलं. कांदा कापला. नवऱ्याच्या सदऱ्यात तोंड खुपसलं. काहीच नाही. नुसती हवा. येईल परत, ती स्वतःला म्हणाली. ताप गेला तसा हाही अशक्तपणा जाईल. कुणाला सांगायचं कशाला? उगाच गवगवा.

मग ती युक्त्या शिकली. खरबूज पुढं आलं की ती डोळे मिटायची आणि अंगठ्यानं देठाजवळ हळूच दाबायची. दुधाचं भांडं उघडताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघायची. "काय वास सुटलाय!" असं कुणी म्हणालं की एक क्षण थांबून "हो ना" म्हणायची. कुणालाही कळलं नाही. माणसं एकदा ठरवतात की हिला वास येतो, मग ती तपासत नाहीत.

थंडी सरली. शेपू पेरायचे दिवस आले. बियाणं घरचंच असायचं. पानगळीच्या सुमारास तिनं बियाण्यासाठी वाढू दिलेल्या शेपूचे आणि टाकीमागच्या बडीशेपेचे वाळलेले तुरे कापून दोन फडक्यांत झाडून घेतले होते, दोन पुरचुंड्या करून फडताळात ठेवल्या होत्या. चिठ्ठी लावलेली नव्हती. नाक असताना चिठ्ठी कशाला?

आता दोन पुरचुंड्या घराच्या मागच्या पायरीवर उघडून ती बघत बसली. शेपूचं बी चपटं, बडीशेपेचं लांबट, हे तिला ठाऊक होतं. पण आदल्या वर्षी पावसानं ओढ दिलेली, दोन्ही बियाणी सुरकुतलेली, बारकी. आणि इतक्या वर्षांत तिनं ते डोळ्यांनी कधी ओळखलंच नव्हतं. पुरचुंडी उघडायची, वास घ्यायचा, झालं.

वीस पावलांवर काचेच्या खोलीत धाकटी होती. तिनं मान वर केली. "काय हो ताई? काही हवंय?"

"छे. ऊन खायला बसलेय."

एवढंच. नुसतं "जरा इकडे ये, हे बघ कुठलं" म्हटलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. वर्षानुवर्षं थोरली त्या पायरीवर मनानं परत परत जाऊन बसली आणि प्रत्येक वेळी तिनं धाकटीला हाक मारली.

तिनं उजव्या हाताची पुरचुंडी उचलली आणि आठ वाफ्यांच्या बत्तीस कोपऱ्यांत पेरून टाकली.

*

त्या वर्षी धाकटीचे पाय जमिनीवर नव्हते. गल्लीतल्या पाच बागवाल्यांनी तिची रोपं मागितली होती. पहिल्यांदाच घराबाहेर जाणार होती तिची रोपं. चाळीस लाकडी खोकी. ती पहाटे काचेखाली जायची ती अंधार पडायला बाहेर यायची, नखांत माती, केसांत माती. रोपांशी बोलायची. "सरळ उभं राहा, लोकांच्या घरी जायचंय," असं तिला टोमॅटोच्या रोपाला दटावताना थोरलीनं स्वतः ऐकलं होतं. दीर म्हणायचा, "आमच्या बाईसाहेब आता कारखानदार झाल्या." थट्टेत म्हणायचा, पण छाती फुगवून.

वाफ्यांत कोवळी, पिसासारखी पानं वर आली. शेपूचीही तशीच दिसतात आणि बडीशेपेचीही. थोरलीनं पाणी घातलं आणि पुढं गेली.

दीड महिन्यानं कोपऱ्यातले टोमॅटो थांबले. मधले कमरेला लागले तरी हे गुडघ्याशीच. पानं आत वळलेली, फुलं येऊन गळून जायची. थोरलीनं पाणी वाढवलं, मग कमी केलं. खत घातलं. शेवटी धाकटीला बोलावलं.

धाकटी प्रत्येक रोपापाशी उकिडवी बसली. "कोपऱ्यातलीच का पण, ताई? मधली तर ठणठणीत आहेत."

"कोपऱ्यांत मी शेवटी लावली," थोरली म्हणाली. "तुझ्या शेवटच्या खोक्यातली."

तेव्हा ती खरंच तसं समजत होती. हे तिनं पुढं स्वतःला हजार वेळा सांगितलं. पण वाक्य तोंडातून गेल्यावर धाकटीचा चेहरा कसा झाला, तेही तिनं पाहिलं होतं. धाकटीनं एका रोपाच्या बुडाशी बोट घालून मुळं चाचपली आणि हळूच म्हणाली, "मुळाशी काही लागलं असेल का? माझ्या मातीतून आलं असेल?"

चार दिवसांनी खानावळीचा आचारी आला. टोमॅटो आणि बेसिल त्याच्याकडेच जायचे. हा अवाढव्य माणूस वाफ्यांच्या मधून चालायचा तेव्हा सगळ्यांचा जीव मुठीत असायचा. जाता जाता त्यानं कोपऱ्यातली पानं चिमटीत चुरडली आणि हुंगली.

"वहिनी, टोमॅटोत बडीशेप? काही नवा प्रयोग का?"

थोरलीचे हात सुतळीवर थांबले. "हो," ती म्हणाली. "बघत होते जरा."

"बघा बघा. तुमच्या नाकापुढं आम्ही काय बोलणार?" तो हसत निघून गेला.

त्याच दुपारी तिनं बत्तीसच्या बत्तीस झुबके उपटले आणि खताच्या खड्ड्यात, खाली, वाळक्या पानांच्या पोटात दाबले. संध्याकाळी धाकटीला सांगितलं, "शेपू फुलावर यायला लागला होता. काढला." धाकटीनं मान डोलावली. तिचं लक्षच नव्हतं. तिच्या डोक्यात ती चाळीस खोकी होती.

दुसऱ्या दिवशी धाकटी डोक्यावर रुमाल बांधून घराबाहेर पडली आणि पाचही बागांत गेली. तिला कुणी जा म्हटलं नव्हतं. "माझ्या रोपांत रोग आहे," तिनं दारोदार सांगितलं. "लावली असतील तर उपटा, बाकीच्यांना लागायच्या आत." चौघांनी तिचं ऐकलं. पाचवा म्हातारा म्हणाला, "अगं, माझी तर फुलावर आलीत. बघ की!" तर धाकटीनं त्याला हात धरून वाफ्यात नेलं आणि म्हणाली, "आत्ता दिसत नाही काका. दिसेल तेव्हा उशीर झालेला असेल." तिनं ती स्वतः उपटली.

थोरलीला हे सगळं रात्री जेवताना कळलं. घास तोंडात तसाच राहिला. सांगायचं असतं तर तेव्हाच. आठ माणसं पानावर बसलेली. पण बडीशेप होती म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला: तुम्हाला वास कसा नाही आला? आणि मग? मग ती परत सहा बहिणींतली चौथी. तिनं घास गिळला.

"नाद सोड आता," दीर धाकटीला म्हणाला. तो काही वाईट माणूस नव्हता. फक्त गल्लीत त्याची मान खाली गेली होती आणि त्याला ते सहन होत नव्हतं. "तुझ्या हाताला नाही ते. एकेकाच्या हाताला नसतं."

 सासूबाईंनी थोरलीकडे पाहिलं, "तुला काय वाटतं?" अशा अर्थानं. या घरात बागेबद्दल शेवटचा शब्द थोरलीचा असायचा.

"काही वर्षं थांबूया," थोरली म्हणाली.

त्या आठवड्यात धाकटीनं रोपांची खोकी जाळली. लाकडात रोग राहतो म्हणून. खोकी उचलून नेताना एक टोक थोरलीनं धरलं होतं.

काही वर्षं कुणी थांबलं नाही. धाकटी कपडे शिवणाऱ्या कारखान्यात काजं-बटणं करायला लागली आणि बावीस वर्षं तेच करत राहिली. काचेच्या खोलीत जुनी ट्रंक आणि सायकली गेल्या. थोरली रोपं बाजारातून आणू लागली. दोघी जावा पायरीवर एकत्र खात राहिल्या आणखी काही दिवस, पण धाकटीनं नकला करायच्या सोडल्या. पुढं घरं वेगळी झाली. सासूबाई गेल्या, थोरले गेले, चार वर्षांपूर्वी दीरही गेला. वास काही परत आला नाही. नाकाची कीर्ती मात्र होती तिथंच राहिली, कारण खरबूज अंगठ्यालाही बऱ्यापैकी कळतं.

*

दुपारी थोरली धाकटीकडे पोचली. तिसरा मजला, जिना अरुंद. धाकटी गच्चीच्या दारात खुर्ची टाकून बसली होती. बाहेर पाऊल नव्हतं टाकलं.

"या ताई. आमच्या सूनबाईंना शेती करायचीय म्हणे. दोन टबांची जमीनदारीण!"

"आई, बघा ना, किती गोड रोपं आणलीत," सून म्हणाली. टबाशेजारी टोमॅटोची चार रोपं, बेसिलची सहा, पार्सली आणि शेपू. शेपू पाकिटातल्या बियांचा, पाकिटावर चित्र छापलेलं.

"मी इथून बघते," धाकटी म्हणाली. "नजर लागायची त्यांना माझी."

सून हसली. थोरलीला हसता आलं नाही. ती गुडघे सांभाळत टबाजवळ बसली आणि तिनं खड्डे केले. तेवढ्यात आतून कुकरची शिट्टी झाली आणि सून "आलेच" म्हणत पळाली.

"धाकटे," थोरली म्हणाली. ही हाक तिनं बऱ्याच वर्षांनी मारली. "तुझ्या रोपांना रोग नव्हता."

"कुठल्या रोपांना?"

"त्या वर्षीच्या. मी कोपऱ्यांत शेपू समजून बडीशेप पेरली होती. तिनं टोमॅटो दाबले. रोपं चांगली होती तुझी."

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. मग थोडं हसून म्हणाली, "काहीतरीच काय ताई. तुम्हाला शेपू आणि बडीशेप कळत नाही होय?"

"मला वास येत नाही. त्या हिवाळ्यातल्या तापापासून. अजूनही येत नाही."

खाली रस्त्यावर कुणीतरी लोखंडी शटर ओढलं. 

"म्हणजे माझी रोपं चांगली होती?"

"होती."

"सगळी?"

"सगळी."

"त्या पाच बागांतलीसुद्धा?"

"तीसुद्धा."

धाकटीनं दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवले आणि त्यांच्याकडे बघितलं. उजव्या हाताचं पहिलं बोट सुईच्या टोचण्यांनी कायमचं जाड झालेलं. "त्या म्हाताऱ्याची फुलावर आली होती," ती म्हणाली. "तो म्हणत होता, राहू दे पोरी. मी ऐकलं नाही. तुम्हाला कधी कळलं?"

"तू त्यांच्याकडे जायच्या आदल्या दिवशी."

आता धाकटीनं हातांवरून नजर काढली. थोरलीला वाटलं होतं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. धाकटी फक्त आठवत बसली, एकेक करून, फडताळ रिकामं करावं तसं.

"आदल्या दिवशी. आणि जेवताना तुम्ही म्हणालात, काही वर्षं थांबूया." मग, "खोकी जाळली तेव्हा तुम्ही होतात."  आणि एकदम, "माझी मुलगी झाली तेव्हा तुम्ही तिचं डोकं हुंगून म्हणालात, कसा दुधाचा वास येतोय बघ हिला."

"हो."

"तोही नव्हता आलेला?"

"नाही गं."

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं ते इथं. रोपांसाठी आलं नव्हतं.

"माझी चूक झाली," थोरली म्हणाली. "मी रोज ठरवायचे—"

"मला सांगून काय होणार आता?" धाकटीचा आवाज अजिबात चढलेला नव्हता. "ह्यांना सांगायला हवं होतंत. सव्वीस वर्षं ते म्हणत होते, हिच्या हाताला नाही. दवाखान्यात होते तेव्हा कुणी फुलझाडाची कुंडी आणली, तर नळ्या लावलेल्या होत्या तरी म्हणाले, हिच्यापासून लांब ठेवा. सगळे हसले. मीही हसले. म्हटलं, जाणारा माणूस, हसू दे." ती थांबली. "तुम्ही पलंगाच्या पायथ्याशी होतात ताई. तुम्हीही हसलात."

थोरलीनं मान खाली घातली. टबात तीन खड्डे तयार होते, चौथा अर्धा.

"घे," तिनं एक टोमॅटोचं रोप उचलून पुढं केलं. तिला दुसरं काही सुचलं नाही. "तू लाव. एक तरी."

धाकटीनं रोप हातात घेतलं, ते आपल्याला चावेल की काय असं. दाराचा उंबरा ओलांडला, टबापाशी वाकली. मुळांचा गड्डा खड्ड्यावर धरून ती थबकली. थोडं खाली केलं, परत वर घेतलं.

"किती खोल?" तिनं विचारलं.

थोरलीला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. चाळीस खोक्यांतलं एकेक रोप डोळे मिटून काढणारी बाई. "पहिल्या पानांपर्यंत," ती कशीबशी म्हणाली. "देठालाही मुळं फुटतात."

"हो ना? मला माहीत होतं हे." धाकटीनं रोप खड्ड्यात न ठेवता परत थोरलीच्या हातात दिलं. "गेलं ते. तुम्हीच लावा. आणि आज मग निघा तुम्ही. मला जरा एकटीला बसू दे."

*

सून हात पुसत बाहेर आली तेव्हा रोपं लावून झाली होती आणि धाकटी आतल्या खोलीत गेली होती. "आईंचं डोकं दुखतंय म्हणाल्या. थांबा, मी तुम्हाला खालपर्यंत सोडते. जिना वाईट आहे."

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थोरली कठड्याला धरून थांबली.

"तुला एक सांगायचंय. तुझ्या सासूच्या हातात काही रोग नाही. कधीच नव्हता. त्या वर्षी चुकीचं बी मी पेरलं होतं. मला वास येत नव्हता, अजून येत नाही, ते लपवायला मी गप्प राहिले आणि सगळा ठपका तिच्यावर गेला."

सुनेनं डोळे मोठे केले आणि मग खुदकन हसली. "मोठ्या आई! तुम्हाला वास येत नाही? अहो, गेल्या रविवारी तुम्हीच सांगितलंत की खरबूज उद्या कापा, आणि काय निघालं होतं ते!"

"ते मी दाबून सांगितलं."

सून जराशी गंभीर झाली. तिनं थोरलीचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "आईंना बरं वाटावं म्हणून म्हणताय ना? मी सकाळी सांगितलं म्हणून? कसं सुचतं तुम्हाला हे! स्वतःच्या अंगावर घेतलंत. किती मोठं मन आहे तुमचं. मी आज सगळ्यांना सांगणार आहे जेवताना, मोठ्या आई आईंसाठी काय म्हणाल्या ते."

ते कौतुक थोरलीच्या अंगावर ओतल्यासारखं आलं. खालचा मजला दिसत होता, पलीकडे उघडं दार आणि रस्ता. हात सोडवून घेऊन नुसतं खाली उतरायचं. काहीच बोलावं लागलं नसतं. खोटंसुद्धा नाही.

"तुझा कुकर बंद आहे का?" तिनं विचारलं.

"हो. का?"

थोरली कठड्याला धरून हळूहळू पायरीवर बसली. "मग बस इथं. आणि मधे बोलू नकोस. त्या आचाऱ्यापर्यंत येईतो तर अजिबात नाही."

सून दोन पायऱ्या खाली, पदर सावरून, गोष्ट ऐकायला बसतात तशी बसली. तिच्या चेहऱ्यावर ते कौतुकाचं हसू अजून तसंच होतं. थोरलीनं ते एकदा नीट पाहून घेतलं आणि सांगायला सुरुवात केली.